काट्याने प्यायलेले व्होल्ट

२ सप्टेंबर, मंगळवार

आज दुपारी पावणेचारला मामाचा कॅमेरा माझ्या हातात मेला.

मेला म्हणजे खरंच मेला. आवाजसुद्धा केला नाही. फ्लॅश उडाला, समोरची भिंत पांढरीफटक झाली, आणि कॅमेऱ्यामागची काच काळी पडली ती पडलीच. बॅटरी काढून घातली, दुसरी घातली, बटण दाबून दाबून अंगठा दुखला. स्टुडिओत कॅमेरा एकच, तो हा. मामा आतल्या खोलीत एका आजोबांना पासपोर्टच्या फोटोसाठी टाय बांधून देत होता आणि मी बाहेर त्याच्या पोटापाण्याचं साधन छातीशी धरून उभा.

सांगितलं. मामा ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. त्याने कॅमेरा बंद पडलेल्या घड्याळासारखा कानाशी नेऊन हलवला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "कॉलेजने तुला जाऊ दिलं त्यात त्यांचं शहाणपण होतं, भाचेबुवा." मग आजोबांचा टाय सोडवला आणि त्यांना परवा यायला सांगितलं.

ही वही म्हणजे मामाचं जुनं ऑर्डर-बुक. प्रत्येक पानावर छापलंय : ग्राहक, प्रती, देण्याची तारीख. तर ग्राहक मी. प्रत एक, कुणी वाचायची नाही. देण्याची तारीख तीस सप्टेंबर, कारण तीसला तिचा अर्ज पोचला पाहिजे, सोबत बारा फोटो, आणि ते फोटो मी काढून देणार आहे. कॅमेरा असो नाहीतर नसो.

३ सप्टेंबर

काल डोकं फिरलेलं होतं. आज नीट लिहितो.

ती काच फुंकते. प्रयोगशाळांना लागणारी भांडी बनवायचा कारखाना आहे, तिथे बर्नरसमोर बसून फ्लास्क, नळ्या, कंडेन्सर बनवते. पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या हातून ब्युरेट फुटली आणि शिक्षा म्हणून नवी आणायला मला कारखान्यात पाठवलं. तिने जांभळा चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "पकडता येत नाही का?" त्या वर्षी माझ्या हातून आणखी दोन ब्युरेटी फुटल्या. सगळ्याच काही चुकून नाही.

गेल्या महिन्यात ती स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला आली. कलाकुसरीची काच शिकवणारी एक संस्था आहे, तिथे अर्ज करायचा म्हणाली. त्यांना काम करतानाचे बारा फोटो हवेत, तुमच्याकडे होईल का? मामा तोंड उघडायच्या आत मी हो म्हणालो.

आता अडचण अशी की तिचे हात थांबत नाहीत. नळी सतत फिरवावी लागते, नाहीतर तापलेली काच खाली लोंबते. कारखान्यात उजेड कमी, म्हणून साध्या फोटोत हात म्हणजे नुसता धूर दिसतो. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, ती हात गोठवते. पण समोरून मारली तर काचेवर पांढरा डाग. म्हणजे फ्लॅश बाजूने हवेत आणि मागून हवेत. तीन तरी. मामाच्या कपाटात त्याच्या फिल्मच्या काळातले अकरा पडून आहेत. "त्या कपाटाला हात लावायचा नाही," असं तो मागेच म्हणाला होता. का, ते सांगितलं नव्हतं. मला कारण दिल्याशिवाय काही मना केलं की माझा हात तिकडेच जातो, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

आणि मी आंधळेपणाने केलेलं नाही. जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर जिथे बसतो त्या पायाच्या टाचणीवर कधीकधी दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात, नव्या कॅमेऱ्याला पाच-सहाच्या वर सोसत नाहीत, हे मी वाचलं होतं. म्हणून मोजलं. मामाच्या खणातला काट्याचा जुना मीटर घेतला, सहाच्या आत आहे का बघायचं म्हणून दहाच्या रेंजवर ठेवला. काटा दोनच्या जरा पुढे गेला आणि थांबला. दोन व्होल्ट! कॅमेऱ्याला गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत. मग लावला.

दुरुस्तीवाल्याने आज कॅमेरा उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, आत वीज कुणी सोडली? सर्किटची मुख्य पाटीच जळलीय. मी म्हटलं, मी मोजलं होतं. तो म्हणाला, मग मोजताना काय बघत होतास?

मामा घरी येताना एवढंच म्हणाला की तुझ्या काटासरांना विचार. मेलो तरी नाही विचारणार.

५ सप्टेंबर

काटासर म्हणजे आमच्या लॅबचे सर. काटा कुठे थांबला, काटा सरळ समोरून बघितला का, काटा शून्यावर होता का. पोरांना नावाने कधी हाक नाही, रोल नंबरने. मी एकोणचाळीस. तिसऱ्या सेमिस्टरला एका प्रयोगात मी आकडा घेतला, ते म्हणाले, "एकोणचाळीस, रेंज बदलून पुन्हा घे." बरोबर घेतलाय म्हटलं. म्हणाले, बरोबर असेल तर पुन्हाही तोच येईल. सगळी बॅच बघत होती. मी म्हटलं, मीटर कॉलेजचा आहे, खोटा असेल तर कॉलेज खोटं. जर्नलचं पान फाडून टेबलावर ठेवलं आणि निघालो तो निघालोच. आईने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, मग मामाने स्टुडिओत कामाला ठेवून घेतलं.

असो. आज ती आली होती. मी कॅमेरा दुरुस्तीला दिलाय म्हणालो. खोटं नाही ते, दिलाच आहे. तिने जरा विचार केला आणि म्हणाली की दादाचा घेऊन येते. तिचा दादा अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो काढून विमा कंपनीला देतो, त्याचं सगळं काम त्या कॅमेऱ्यावर. चौदा तारखेच्या रविवारी आठवडाभरासाठी देईल म्हणाली.

जाताना मामाला म्हणाली, "मामा, हा अगदी माझ्या धाकट्या भावासारखा आहे. सगळ्याला आधी हो म्हणतो." मामासमोर तसंच म्हणावं लागतं, त्याशिवाय का. हे मला कळतं. कारण त्याआधी तिने माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलं होतं, आणि तोंड लावून. न विचारता.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मामा बाहेर गेल्यावर तोच फ्लॅश पुन्हा काढला. ताजे सेल घातले, मागचा तांबडा दिवा लागू दिला आणि मोजलं. दहाच्या रेंजवर दोन. त्या दिवशीसारखंच. मी बरोबर होतो, असं मोठ्याने म्हणालोसुद्धा.

मग काय मनात आलं कोण जाणे, रेंज पन्नासवर नेली. काटा अकरावर.

अडीचशेवर नेली. सेहेचाळीस.

एकच फ्लॅश, तेच सेल, तोच मीटर, पाच मिनिटांत तीन आकडे. मी मीटर आपटणार होतो, हात वर गेलाच होता. रेंज बदलून पुन्हा घे. बरोबर असेल तर पुन्हाही तोच येईल.

टेबलाखाली बसून राहिलो. टेबलाखाली का, माहीत नाही. गिऱ्हाईक आलं तेव्हा काहीतरी पडलंय असं सांगितलं.

१० सप्टेंबर

कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो. वॉचमनने ओळखलं, "काय, आलास परत?" म्हणाला. परत फिरलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज आत गेलो. तीस तारीख माझ्या मानापमानासाठी थांबणार नाही.

लॅबमध्ये सर एकटेच होते, वायरी गुंडाळत होते. मी दारात उभा. वर न बघता म्हणाले, "एकोणचाळीस, पंखा बंद कर, वायरीचे तुकडे उडतात." मी पंखा बंद केला. काय बोलायचं ते रस्त्याने पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. मी फक्त तीन आकडे सांगितले. दोन, अकरा, सेहेचाळीस.

सरांनी वायर खाली ठेवली. कागद घेतला, कसलंसं गणित मांडलं, दोन मिनिटं लागली असतील. "साधारण दोनशे चाळीस आहेत त्याच्यावर," म्हणाले. न मोजता! मग पिशवीतून माझा फ्लॅश काढायला लावला, कपाटातला आकड्यांचा मीटर दिला. दोनशे अडतीस. मी न सांगता रेंज बदलली. दोनशे अडतीस.

म्हणाले, काट्याच्या मीटरला हलायलाच वीज लागते. ती तो जे मोजतो त्यातूनच पितो. भक्कम बॅटरी असली तर तिला चार घोट गेल्याचं कळतही नाही. पण फ्लॅशच्या टाचणीमागे वीज अगदी झिरपत येते. तिथे काटा सगळी पिऊन टाकतो आणि उरलेली तुला दाखवतो. रेंज जितकी लहान, तितका तो जास्त पितो. आकड्यांचा मीटर जवळजवळ काहीच पीत नाही. "तू दोन वाचलेस ते खोटे नव्हते. तू मोजत होतास तेवढा वेळ तिथे दोनच होते. तू हात काढलास आणि पुन्हा दोनशे चाळीस."

मी विचारलं, तिसऱ्या सेमिस्टरचा तो प्रयोग हाच होता का. "हाच," म्हणाले. "पान फाडलंस तिथून पुढच्या ओळीत तेच लिहायचं होतं."

दुसरा कुणी असता तर त्याने एवढ्यावर माझी लाज काढली असती. सरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, फ्लॅश उघडायचा नाही; सेल काढले तरी आत तासन् तास चार्ज असतो आणि तो माणूस बघत नाही, आडवा करतो. दोन, सहाच्या वर आकडा आला तर तो फ्लॅश कॅमेऱ्याला टेकवायचासुद्धा नाही, फ्लॅश बंद असला तरी. मीटर पंधरा दिवसांसाठी दिला आणि नोंदवहीत सही घेतली. सही केली तिथे वरती माझा नंबर अजून खोडलेला नव्हता. खोडायला विसरले असतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

अकराच्या अकरा मोजले. मामाला सांगून, कपाट त्याच्याच किल्लीने उघडून. दोघांत सेल फुटून हिरवी बुरशी धरली होती, ते बाजूला. बाकीच्यांना मामाने आधी दिवसभर उठबस करायला लावली : सेल घाल, दिवा लागू दे, थांब, एकदा उडव, पुन्हा. वर्षानुवर्षं झोपलेल्याला एकदम धावायला लावायचं नाही म्हणाला. तांबडा दिवा लागून मिनिटभर गेल्यावर आकडा, मग रेंज बदलून पुन्हा आकडा, आणि दोन्ही सारखे आले तरच चिकटपट्टीवर लिहून पाठीवर चिकटवायचं. एकशे नव्वद. दोनशे अडतीस, हा आपला खुनी. एकशे बारा. दोनशे सत्तर, याला मामा "पैलवान" म्हणतो. नवांतला एकच शहाणा निघाला, पाच पॉइंट दोन.

एक पुरत नाही. तीन हवेत. मी डोकं धरून बसलो.

तेव्हा मामा उठला आणि बटणांचा डबा घेऊन आला. आत बटणांखाली नखाएवढ्या काळ्या डब्या होत्या, प्रत्येकीला एक काचेचा डोळा. हे फ्लॅशच्या पायाला लावायचे. दुसरीकडे कुठेही फ्लॅश उडाला की हा डोळा ते बघतो आणि आपला फ्लॅश त्याच क्षणी उडवतो. तार नाही, कॅमेऱ्याला चिकटणं नाही, मधे फक्त हवा. त्या काळी मोठे हॉल मामा असेच उजळायचा. डोळे जुनेच, अडीचशे व्होल्ट झेलायलाच बनवलेले.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? मामाने खालचा खण उघडला. त्यात आणखी एक मेलेला कॅमेरा होता, डिजिटल, अगदी पहिल्या काळातला. "मी तर मोजलंही नव्हतं," म्हणाला आणि खण लावून टाकला.

१४ सप्टेंबर, रविवार

आज ती दादाचा कॅमेरा मला देणार होती, म्हणून आजच सांगायला हवं होतं. डोळे वापरायचे म्हणजे दादाच्या कॅमेऱ्याला धोका नाही, मग सांगायची गरज काय, असं सकाळी दात घासताना एकदा वाटलं. एकदाच नाही, चारदा वाटलं.

कारखाना रविवारी बंद असतो, ती एकटीच सरावाला बसते. मी तोंड उघडलं तर म्हणाली, थांब, हात थांबले की काच वाकते. मी उभा राहिलो. तिने नळीचं टोक फुगवलं, गळा ओढला, थंड व्हायला बाजूला ठेवलं, मग चष्मा वर केला. मी सगळं सांगितलं. कॅमेरा मीच जाळला, आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकलेत हे मला माहीत असताना दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं.

तिने बर्नर विझवला. मग म्हणाली, "कॅमेरा जळला त्याचं मला काही नाही. आमच्याकडे रोज काहीतरी फुटतं. पण फुटलंय ते लगेच सांगायचं असतं, नाहीतर दुसऱ्याचा हात कापतो."

रागावून निघून जाणार होतो, पाय वळलेही होते. गेलो नाही. वहीतले आकडे दाखवले, डोळ्याची डबी दाखवली, दादाच्या कॅमेऱ्याला माझी एकही वस्तू चिकटणार नाही हे समजावलं. तिने बारीक सारीक सगळं विचारलं. शेवटी कॅमेरा दिला, पट्टा माझ्या गळ्यात स्वतः घातला. "इंजिनीयर, हा गेला तर दादा मला घरात घेणार नाही आणि मी तुला कारखान्यात घेणार नाही."

पट्टा घालताना तिची बोटं मानेला लागली. बोटांच्या टोकांना भाजून भाजून घट्टे पडलेत. राग असता तर कॅमेरा हातात दिला असता, गळ्यात घातला नसता. हे मी आज नीट तपासून लिहितोय.

१८ सप्टेंबर

तीन दिवस सगळे फोटो काळे. स्टुडिओत पाण्याचा ग्लास ठेवून सराव चाललाय. दादाच्या कॅमेऱ्याचा अंगचा छोटा फ्लॅश उडतो, ते बघून तिन्ही जुने फ्लॅश उडतात, खोली उजळते, आणि फोटोत काही नाही. मी ग्लास फोडला. चुकून.

आज कळलं. नवा कॅमेरा खऱ्या चमकेच्या आधी एक बारीक चमक मारून उजेडाचा अंदाज घेतो. आपल्याला ती एकच चमक वाटते. डोळे त्या पहिलीलाच फसतात, सगळे उडून मोकळे होतात, आणि पडदा उघडतो तेव्हा रिकामे. अधीर मेले. अंगच्या फ्लॅशला ऑटोवरून काढून हाताने सगळ्यात कमी ताकदीवर ठेवलं, मग पहिली चमक येतच नाही. पण ती थोडीशी चमकही ग्लासावर ठिपका सोडत होती. मामाने रंगीत फिल्मचं धुतलेलं काळं टोक कापून त्यापुढे चिकटवलं. माणसाला त्यातून काही दिसत नाही, डब्यांच्या डोळ्यांना दिसतं. ठिपका गेला.

पंचेचाळिसावा फोटो. ग्लासाच्या कडेला कडेने उजेडाची रेघ, मागे काळोख. मामाने बघितलं आणि आतून खुर्ची आणून दिली. मी सकाळपासून उभा होतो.

२१ सप्टेंबर, रविवार

झालं.

दुपारी कारखान्याच्या खिडक्यांना पुठ्ठे लावले. एकशे बारा डावीकडे, पैलवान मागे, तिच्या खांद्याआड, खुनी उजवीकडे छताला तोंड करून. होय, त्यालाही घेतलं. त्याची चूक नव्हती. तिघेही कॅमेऱ्यापासून हातभर नव्हे, चांगली चार-पाच पावलं लांब. शहाण्याला घरी ठेवला, त्याची गरज लागली नाही.

दोन तास ती काम करत होती आणि मी तिच्याभोवती फिरत होतो. ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर काच वाकली असती.

शेवटी म्हणाली, एक गोष्ट करते, एकदाच जमते. काचेचा गोळा पांढरा होईतो तापवला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या काचकांड्या दोन हातांत धरल्या आणि ज्योतीबाहेर येऊन हात एकदम फाकले. मी बटण दाबलं. तिच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत केसाएवढी तार, दोन्ही टोकांना नारिंगी, मधे थंड होत होत रंग गेलेला, आणि त्यामागे तिचा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. फोटोत तार इतकी स्पष्ट आलीय की हात लावावासा वाटतो. खरी तार तोवर तुटून जमिनीवर पडली होती.

तिने फोटो बघितला. बघतच राहिली. म्हणाली, "मी अशी दिसते काम करताना?" मी म्हटलं, रोज.

दादाचा कॅमेरा जिवंत आहे. पोचवून आलो. दादाने चालू करून बघितला आणि चहा दिला.

२५ सप्टेंबर

बारा फोटो निवडून छापले. अर्ज तिने माझ्याकडेच दिलाय, फोटो घालून उद्या पाठवून दे म्हणाली, तिला कारखान्यात सुट्टी नाही. लिफाफा बंद करण्याआधी अर्ज वाचला. वाचायला नको होता.

तीन वर्षं. तिथेच राहायचं. सुट्टी वर्षातून एकदा.

माझी समजूत होती काही महिन्यांचं असेल. तिने कधी महिने म्हटलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. मी एवढे फ्लॅश मोजले, हे मोजलं नाही.

लिफाफा खणात ठेवलाय, त्या जुन्या मेलेल्या कॅमेऱ्याशेजारी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी मामाने विचारलं, पाठवलं का. मी म्हटलं, पाठवतो, घाई काय आहे. मामा म्हणाला, घाई नाही, तीस तारीख आहे. मी त्याच्यावर खेकसलो. गिऱ्हाईक बघत होतं. मामाने गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्याकडे फोटो झटकन निघतात, आवाज जरा जास्त होतो."

दुपारी जेवलो नाही. खण उघडला, लावला, उघडला. नाही पाठवला तर कुणाला कळणार आहे, गहाळ झाला म्हणता येतं. लिफाफा फाडायलासुद्धा हात गेला. एकदा पान फाडून बघितलंय, पुढच्या ओळीत काय होतं ते कळायला मला दहा महिने लागले.

पावणेचारला पाठवला. पोच घेतली, तिच्या हातात नेऊन दिली. ती बर्नरवर होती, हात थांबवता येत नव्हते, म्हणून म्हणाली खिशात ठेव. तिच्या ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि निघालो.

संध्याकाळी मीटर परत करायला सरांकडे गेलो. पंधरा दिवस आजच संपत होते. त्यांनी सगळ्या नोंदी वाचल्या, दोन ठिकाणी एकक लिहिलं नाही म्हणून लाल गोल केला. मग विचारलं, "जानेवारीत बॅच सुरू होते. एकोणचाळीस कुणाला देऊ की ठेवू?"

ठेवा म्हणालो. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने जेवताना न विचारता दुसऱ्यांदा वाढलं, त्यावरून मामाने सांगितलेलं दिसतंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

तिची निवड झाली. पळत आली, स्टुडिओच्या पायरीवर अडखळली. पत्रात तारेच्या फोटोचा उल्लेख आहे, तो कुणी काढला असंही विचारलंय. मामाने तो फोटो मोठा करून बाहेरच्या काचेत लावला, पासपोर्टच्या नमुन्यांच्या वर.

पुढच्या रविवारी जाणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज विचारलं.

गेले दोन महिने मी या वहीत जे लिहिलंय ते काल पहिल्यापासून वाचलं. बाटलीतलं पाणी, गळ्यातला पट्टा, मानेला लागलेली बोटं. प्रत्येक वेळी मी सगळ्यात लहान रेंज लावली होती, आणि आकडा आला की मीटर बाजूला ठेवला होता. एकदाही विचारलेलं नाही.

कारखान्यात तिचा शेवटचा दिवस. जांभळा चष्मा पेटीत भरत होती. मी दारातूनच विचारलं, सरळ, उगाच प्रस्तावना नाही. ती पेटी बंद करून उभी राहिली. माझी टिंगल करेल असं वाटलं होतं, केली नाही. म्हणाली, "नाही रे. तू माझा आहेस, पण तसा नाही."

मी मान हलवली. बाहेर आलो. रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानापर्यंत गेलो, तिथून परत आलो. ती अजून तिथेच उभी होती, मी येणार हे ठाऊक असल्यासारखी. मी म्हटलं, रागावू नकोस, मला पुन्हा एकदा विचारावं लागेल. समज ती संस्था नसती. समज तू कुठेच जात नसतीस, तीन वर्षं इथेच असतीस. मग?

तिला हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही होतं. "तरी नाही," म्हणाली.

नोंद : दोन वेळा विचारलं, रेंज बदलून. दोन्ही वेळा तोच आकडा आला. खरा आहे.

उद्या सकाळी तिच्या पेट्या उचलायला जायचंय. त्यात काच आहे, आणि मला पकडता येतं.